बाझीलचं पीप

आमच्या पिपातली वाइन पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही. पांढरी म्हणायची, पण रंग जुन्या तुपाचा. चव आंबट, अक्रोडाची, त्यावर लार्चच्या लाकडाचा डिंक. खाली दरीत रेझ नावाची द्राक्षं होतात. त्यांची वाइन वर डोंगरात आणून पिपात ओतायची. पीप कधी रिकामं करायचं नाही. लाकडातून उडून जाईल तेवढी नवी वाइन वसंतात जुनीवर घालायची. सोबत राय धान्याचा दगडासारखा पाव, वाळवलेलं मांस आणि जुनं चीज. गोडघाश्यांनी आमच्या दारी येऊच नये.

घरातला जो माणूस पीप भरतो, त्याचंच ते पीप, आणि घर-मळाही त्याचाच. माझा नवरा बाझील भरायचा. आधी वाजवून बघायचा: बोटांच्या सांध्यांनी दोनदा टकटक, मग तळव्याची एक थाप. आवाज जिथे पोकळ येईल तिथवर पीप रिकामं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो तळघरात मेला. धाकटा दीर तेओद्यूल म्हणाला, पायरीवरून घसरला. प्रेत मी धुतलं. डोक्यामागे तळघरातल्या मोगरीच्या तोंडाएवढा गोल खड्डा होता. मी गावभर ओरडून सांगितलं. गाव म्हणालं, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. बाईनं पीप भरावं का, यावर गावात दोन वर्षं गुऱ्हाळ चाललं, आणि तोवर पिपात थेंब पडला नाही. शेवटी कौल तेओद्यूलला मिळाला. त्यानं पीप भरलं की मी घराबाहेर.

भरायच्या दिवशी दुपारी तो नवी वाइन घेऊन तळघरात उतरला. साक्षीला गावचे म्हातारे ओनेझिमकाका. मी पाव कापला आणि चीजही ठेवलं. लग्नातलं चीज आमच्याकडे मयताच्या जेवणासाठी राखून ठेवतात; हे बाझीलच्या मयतातलं उरलेलं. तेओद्यूलनं ते ओळखलं आणि ताटली दूर सारली.

त्यानं पीप वाजवलं. खाली भरीव. मध्ये भरीव. पार वरपर्यंत भरीव.

"वहिनी, पाणी ओतलंस?"

"चाखून बघा ना, भावोजी."

काकांनी तोटीतून पेला भरला, पावाचा तुकडा बुडवला आणि मिटक्या मारल्या. अशी वाइन आपण उभ्या आयुष्यात प्यायलो नाही, म्हणाले. मीही प्यायले. चांगलीच होती. तेओद्यूलनं घोट घेतला आणि भिंतीवर थुंकला.

"रक्त आहे हे," तो म्हणाला.

भिंतीवरून पिवळसर वाइन ओघळत होती. काका हसले. "अरे, नवीन नवरीसारखा काय तोंड वाकडं करतोस?"

तेवढ्यात पिपातून दोनदा टकटक झाली. मग एक थाप.

काकांचं हसू तिथंच थांबलं. माझ्या छातीत इतका आनंद दाटला की मला माझीच भीती वाटली.

तेओद्यूलनं भिंतीवरची मोगरी उचलली आणि पिपावर घातली. पुन्हा घातली. त्याच्या बोटांची सालं निघाली, मूठ रक्तानं निसरडी झाली, पण लाकडावर ओरखडाही उठेना.

"एकदा मारलं ना तुला," तो दात खाऊन म्हणाला. "अजून किती मारू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ऐकलं होतं त्यांनी.

आत टकटक झाली. त्यानं मोगरी डोक्यावर नेली.

हाड फुटल्याचा आवाज आला.

तो पुढे, पिपाकडे तोंड करून कोसळला. मोगरी त्याच्या मुठीतच होती. आम्ही दोघं समोर, पायऱ्यांशी उभे. त्याच्या मागे नुसती भिंत.

त्यालाही मीच धुतलं. डोक्यामागे गोल खड्डा होता. मी त्यात अंगठा फिरवून पाहिला. मापात फरक नव्हता.

घरात आता मीच उरले, तेव्हा पीप भरायला कुणी हरकत घेतली नाही. मयतानंतर मी वाजवलं, तर वरचा भाग पोकळ. तेओद्यूलनं आणलेली वाइन त्यात बरोबर मावली, थेंबही सांडला नाही.

तेव्हापासून मी टकटक केली की बाझील उत्तर देतो. दोनदा, मग थाप. बरं वाटतं. एकटीला सोबत होते.

फक्त त्यानंतर पार तळाशी आणखी कुणीतरी वाजवतं. दोन्ही मुठींनी, न थांबता. मी दार लावून वर येते.