पावणेपाचची मोजणी

हे रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर मी स्वतःला यात जरा बरी दाखवली असती.

अशा गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणतात. आमच्याकडे जे घडतं ते संध्याकाळी पावणेपाचला घडतं. लख्ख उजेडात. गॅलरीत कपडे वाळत असतात, खाली कोणीतरी गाडी धूत असतं, आणि...

थांबा. क्रमाने सांगते.

आमची इमारत सहा मजली. आम्ही पाचव्यावर. मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची ठमी. मी एका ग्रंथालयात अर्धवेळ काम करते. म्हणजे करत होते.

तळमजल्यावर मावशीचं पाळणाघर होतं.

मुलं मावशी म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो. तशी ती माझ्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठी. नवरा कधीच गेलेला. तिचा धर्म वेगळा होता. आख्ख्या इमारतीत त्या धर्माचं ते एकच घर. चार वर्षं ही गोष्ट कोणाच्या डोक्यातही आली नव्हती. मग एका वर्षात सगळ्यांच्या आली.

इमारतीतली सहा मुलं तिच्याकडे असायची. सातवी तिची स्वतःची, ठमीच्याच वयाची. गोल गोल डोळे, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे.

मावशीची एक पद्धत होती. पावणेपाच वाजले की मुलांना ओळीत बसवायची. प्रत्येकाने शेजारच्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि आपला नंबर म्हणायचा. नंबर ठरलेले. ठमी पाच. बटण शेवटची, सात. "पाहुणे आधी," मावशी म्हणायची. मधलं कोणी बाथरूमला गेलं असेल, तर सगळे थांबायचे. ते आलं की पुन्हा एकपासून. मोजणी पुरी झाल्याशिवाय एकही मूल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही.

एकदा मी वैतागले होते. "अहो मावशी, ही काय समोर बसलीय. दिसतेय मला."

"तुम्हाला तुमची दिसते हो ताई. मला सगळी दिसायला हवीत."

तर ते एक वर्ष. आधी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तिला सामान द्यायचं बंद केलं. मग बटणचा शाळेचा अर्ज परत आला. मग तिच्या दारावर कोणीतरी रंगाने फुली मारली. तिने घासून काढली. पुन्हा आली.

आम्ही आयांनी इमारतीच्या ग्रुपवर तक्रार केली. रंगाच्या वासाचा मुलांना त्रास होतो, अशी.

हो. मीच लिहिली होती ती.

मग तो मंगळवार.

चारला मावशीचा फोन आला. "ताई, आज जरा लवकर न्या." आवाज अगदी नेहमीचा.

खाली उतरले तर फाटकाच्या आत दहा-बारा माणसं उभी. शांत. हातात काय होतं ते मी नीट पाहिलं नाही. आम्हाला बघून त्यांनी वाट दिली. एकेक आई आत जायची, मूल घेऊन बाहेर यायची. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मुलाला काखोटीला मारून माझ्या अंगावरून गेल्या.

ती माणसं वाट बघत होती. मुलं न्यायची वाट.

हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणणार नाही.

मी शेवटची. मावशीने तेवढ्यातही मोजणी केलेली होती. ठमीच्या पायात बूट घालता घालता ती हळूच म्हणाली, "बटणलाही न्या वर. तासभर. कोणी विचारलं तर तुमचीच सांगा."

बटण माझ्याकडे बघत होती. पायात चपला घालून तयार.

मी म्हणाले, "आधी हिला वर ठेवून येते."

बाहेर पडताना ठमीचा एक बूट निसटला. त्यांच्यातल्या एकाने तो उचलून दिला. "सांभाळून हं बाळा," म्हणाला.

लिफ्ट. पाचवा मजला. दार. कडी. साखळी.

टीव्ही लावला. आवाज वाढवला. शेजारच्यांनीही वाढवला होता. वरच्यांनीही.

मी खाली गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. मावशीला चादरीत गुंडाळून नेलं. बटण मात्र... नव्हती. घरात नाही, आवारात नाही, कुठेच नाही.

साहेबांनी विचारलं, "पाळणाघरात मुलं किती होती?"

शेजारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका उभे होते. ते माझ्याकडे बघत होते.

"सहा," मी म्हणाले.

"सगळी सुखरूप?"

"सगळी सुखरूप."

सगळ्यांनी सहाच सांगितलं होतं. सात म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. सातवीला शेवटचं कोणी पाहिलं?

पुढे कोणी म्हणालं, तिला नातेवाइकांनी नेलं असेल. कुठल्या नातेवाइकांनी, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

बरोबर नवव्या दिवशी सुरू झालं.

ठमी जमिनीवर ठोकळे मांडत होती. मांडता मांडता थांबली. डावा हात बाजूला केला आणि हवेत ठेवला. एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात ना, तेवढ्याच उंचीवर.

"पाच," म्हणाली.

मी हसले. खेळतेय, वाटलं.

तेवढ्यात बाथरूमच्या डक्टमधून, खालून कुठूनतरी, दुसऱ्या मुलाचा आवाज आला...

"सहा."

मग काही नाही.

ठमीचा हात तसाच. तिची मान किंचित कललेली, कान देऊन ऐकल्यासारखी.

मग डक्टमधून पुन्हा. "एक." वेगळ्या मजल्यावरून, "दोन." "तीन." "चार."

आणि माझ्या घरातून, "पाच."

घड्याळात पावणेपाच वाजून गेले होते.

त्या दिवशी पंधरा मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात दिवेलागणीपर्यंत. सहापर्यंत यायचे, थांबायचे, वाट बघायचे आणि पुन्हा एकपासून. सहा घरांतली सहा मुलं. बंद दारांच्या आड.

ठमीचा घसा बसला. दूध पिईना. मांडीवर घेतलं की फासळ्या हाताला लागायच्या. डॉक्टर म्हणाले, गळा सुजलाय, ओरडू देऊ नका. ती ओरडत नव्हतीच हो. नंबर म्हणत होती.

एकदा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट.

माझ्या तळव्याखाली तिचे ओठ हलले.

मला सगळ्यांचा संशय यायला लागला. वाटलं, कोणीतरी मुलांना शिकवतंय. वाटलं, वॉचमन रेकॉर्डिंग लावतोय. मग नवऱ्याचा आला. तो म्हणायचा, "लहान मुलं आहेत, एकमेकांचं ऐकून करतात." पण हल्ली तो रोज सातला घरी यायला लागला होता. ऑफिस तर चारला सुटतं.

एक दिवस गॅलरीतून वाकून पाहिलं. आवाराच्या कोपऱ्यात आमची गाडी उभी. काचा बंद. आत तो बसलेला. पावणेपाचपासून सातपर्यंत.

डॉक्टरीणबाईंना मी जिन्यात गाठलं. त्यांचा मुलगा म्हणजे नंबर एक. सुरुवात त्यांच्याकडून व्हायची.

"तुमच्याकडे पण होतं ना?"

"काय होतं?"

"पावणेपाचला."

"त्या वेळी आम्ही गाणी लावतो."

"रोज?"

"तुझं काय जातंय गं?" त्या चार पायऱ्या उतरल्या. मग पाठमोऱ्याच थांबल्या. "एक सांगते. पुढचा आकडा आपण म्हणायचा नाही. मी म्हणून बघितला."

"मग?"

"हसला. इतका हसला... चुकल्यावर हसतात तसा. गेल्या गुरुवारी. तुझीही हसली असेल बघ."

हसली होती. गुरुवारी, साडेपाचच्या सुमारास, एकटीच बसून ठमी खदखदून हसली होती. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

"त्यांना तीच हवीय," मी म्हणाले.

"कोण ती? मुलं सहाच होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

त्या रात्री ठमीला ताप चढला. दुसऱ्या दिवशी तिला आईकडे सोडून मी पोलीस ठाण्यात गेले.

"मुलं सात होती," मी सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, सगळ्यांच्या जबाबात सहा आहेत. तुमच्याही."

"माझा बदला. सात लिहा. सातवी तिची मुलगी. मावशीने ती माझ्या हातात द्यायला काढली होती. मी घेतली नाही. तेही लिहा."

"घरी विचारलंय का?"

"नाही."

त्यांनी फाईल मिटून बाजूला सारली. मग एका सुट्या कागदावर लिहिलं. मी सही केली. तो कागद फायलीत गेला की टोपलीत, मला माहीत नाही.

ठमीला घेऊन परतले तेव्हा साडेचार झाले होते. मी गाडीच्या काचेवर टकटक केली. नवऱ्याने काच बोटभर खाली घेतली.

"वर चल," म्हटलं.

"काम आहे गं जरा."

"गाडीत?"

तो आला. आम्ही तिघं पलंगासमोर जमिनीवर बसलो. ठमी माझ्या मांडीवर, अंग गरम.

पावणेपाच.

"एक." "दोन." "तीन." "चार."

ठमीने हात उचलला. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "पाच."

डक्टमधून, "सहा."

नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं.

आणि मग... कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून. आमच्याच खोलीतून. बारीक, स्पष्ट.

"सात."

ठमीने हात खाली घेतला. "झालं," म्हणाली. मग म्हणाली, "आई, दूध."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"तू म्हणालीस?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

फटीकडे बघायला कोणी उठलं नाही. ती फट चार बोटांची आहे.

त्यानंतर मोजणी एकदाच होते, आणि पुरी होते. ठमी खातेपिते, वजन भरलंय. इमारत खूश आहे. डॉक्टरीणबाई परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सुटलो बाई. शेवटचा तो तुमच्याकडूनच येतो ना? गळती कुठली ते कळलं की बाकीचे निर्धास्त."

आमच्याकडे मात्र... ठमी बिस्कीट मोडते आणि अर्धं जमिनीवर ठेवते. ते राहत नाही. दुधाचा दुसरा पेला मीच भरते हल्ली. न विचारता. सकाळी ठमीच्या चादरीला दोन खळगे असतात. नवरा ते न बघता चादर झटकतो.

मला भीती वाटत नाही असं नाही. पण तापातून उठलेली माझी मुलगी मी बघितलीय. त्यामुळे मी पेला भरते.

आज सेक्रेटरीकाका एक छापील कागद देऊन गेले. वरून आलाय म्हणे, सगळ्या घरांना. घरातली माणसं, धर्म, मुलांची संख्या, खाली सही.

"उद्या सकाळी न्यायला येतो," काका म्हणाले. "बरोबर ते लोक असतील. घाबरू नका, नुसती मुलं मोजून जातील."

"कोणते लोक?"

"त्या दिवशी नव्हते का आले? चांगली आहेत हो पोरं. तुमच्या ठमीचा बूटही उचलून दिला होता."

हे लिहितेय तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेत. कागद टेबलावर आहे. नवरा दोनदा म्हणाला, "एक लिही आणि मोकळी हो. विचार कसला करायचाय त्यात?"

आतल्या खोलीत मघापासून दोघींची कुजबुज चालू होती. तो हे म्हणाला आणि ती थांबली.

अजून थांबलेलीच आहे.

मी पेन हातात घेतलंय. दाराची फट किंचित रुंद झाल्यासारखी वाटतेय... तिथून कोणीतरी माझ्या हाताकडे बघतंय.