शेंदराआडची लढाई

आप्तांच्या युद्धात विजयालाही सुतक असते. जो जिंकतो त्यालाही मेलेल्यांसाठी स्नान करावे लागते; कारण मेलेले त्याचेच असतात. हे ज्याने जाणले त्याने गृहस्थाश्रमाचे मर्म जाणले. आणि ज्यांना एकमेकांचे व्हायचे आहे, त्यांना तर हे बोहल्यावर चढण्यापूर्वीच जाणून घ्यावे लागते.

वणीहून धोडप किल्ल्याकडे जाताना, द्राक्षबागांच्या कडेला, रस्त्यालगत एक उभा दगड आहे. येथे झालेल्या लढाईची खूण म्हणून पूर्वी कुणी तो रोवला, त्यावर अक्षरे कोरली. पुढच्या पिढ्यांनी त्याला वीर मानून शेंदूर चढवला. अक्षरे आत गेली, देव वर आला. गावात शिरण्यापूर्वी नवी जोडपी त्याच्यापुढे वाकू लागली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, धुके अजून वेलींत अडकलेले असताना, उत्तरा त्या दगडापुढे बसली होती. पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातली ही मुलगी जुन्या लेखांचे कागदावर ठसे घेण्याचे काम करी. रस्ता रुंद व्हायचा होता. दगड मागे सरकवण्यापूर्वी त्यावरचा मजकूर उतरवून घ्यायचा होता. तिने नखाने शेंदराची कड हलकेच चाचपली...

"ओ मॅडम, आमच्या वीराला गुदगुल्या होतात!"

ती दचकली. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक तरुण बागेतून रस्त्यावर येत होता. त्याच्या भुवयांवर दव होते.

"वीराला होतात, की तुम्हाला?" तिने विचारले.

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "मी किशोर. बाग माझी, वीर गावाचा. पण शेंदराचा मान माझ्या काकूचा, कुसाबाईचा. तिला विचारल्याशिवाय शेंदूर काढता येणार नाही. आणि..." त्याने मान वळवली. "आमची दोन घरं बोलत नाहीत."

सामाईक विहिरीच्या पाण्यावरून त्याचे वडील आणि कुसाबाईचे धनी, थोरले चुलते पुंजाकाका, यांच्यात अबोला होता. 'काकूला मी विचारीन,' असे किशोरने त्या दिवशी सांगितले. विचारले मात्र नाही. काकू हो म्हणाली असती, तर उत्तराचे काम एका दिवसात संपले असते!

उत्तरा दर रविवारी येऊ लागली. दगडाची उंची तिने पुन्हा मोजली, तेव्हा तो म्हणाला, "वाढला का?"

"देवाचं काही सांगता येत नाही," ती उत्तरली, आणि त्याने पुढे केलेल्या घोसातला एक मणी तोंडात टाकून डोळे मिटले. "आंबट."

"अजून गोडी भरायचीय."

"कशात?"

"द्राक्षांत," तो म्हणाला. पण कान तांबडे झाले होते.

असाच एक रविवार. धुके एकाएकी वर उचलले गेले आणि धोडपची काळी भिंत, मधल्या त्या प्रचंड खाचेसह, आकाश अडवून उभी राहिली. उत्तराच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली.

"एवढ्या मोठ्या डोंगरापुढे," ती हळूच म्हणाली, "माणसांना भांडायचा धीर तरी कसा झाला?"

"उत्तरा... मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"मी बाबांना विचारलंय."

"माझ्याआधीच?"

"तुमची विचारायची गती मला ठाऊक झालीय." तिचे हसू मावळले. "बाबा म्हणाले, जात विचारणार नाही. त्या घरातली थोरली माणसं एकमेकांशी बोलतात का, एवढंच विचारीन."

किशोरचा चेहरा उतरला. "काकांनी मला खांद्यावर बसवून हा गड पहिल्यांदा दाखवला होता. त्यांच्या हातच्या अक्षता पडल्याशिवाय मीही बोहल्यावर उभा राहणार नाही. पण त्यांच्या अंगणात पाय ठेवायचा... ते नाही म्हणाले तर?"

डोळ्यांतले पाणी लपवायला ती दगडाच्या तळाशी वाकली. तिथला शेंदूर थोडा सुटला होता. "हे पाहा... अक्षर!" तोही वाकला.

तेवढ्यात दोघांच्या मस्तकांवर तांदूळ पडले.

"जोडीनं सुखी ऱ्हा, लेकरांनो!"

हातात पूजेचे ताट, डोळ्यांवर ऊन, अशी कुसाबाई मागे उभी होती. दोघे वळले. पुतण्याचा चेहरा ओळखू येताच तिचा हात हवेतच थांबला.

"काकू... आमचं अजून लग्न नाही झालं."

"मंग जोडीनं वाकला कशाला?"

"अक्षरं पाहत होतो."

"अक्षरं पाहायला दोन जण लागतात व्हय रे?"

उत्तराने पदस्पर्श केला. "काकू, आशीर्वाद परत घेणार का?"

"दिलेला आशीर्वाद माघारी घेत नाय, पोरी." कुसाबाई म्हणाली. उत्तराने मग धीर करून शेंदराचे विचारले. म्हातारी सप्तशृंगीच्या दिशेने पाहत राहिली. "गडावरच्या आईचा शेंदूर उतरवला, तव्हा मी लय रडले व्हते. मंग तिचं मूळ रूप पाहिलं, आन् हात आपसूक जुळले. देव कुठं जात नाय. काढ."

घरून कोमट तेल आणून तिने ते स्वतः लावले. पिढ्यांचा थर एका सलग पापुद्र्याने सुटला. तिने तो पदरात झेलला. खालचा काळा दगड प्रथमच श्वास घेत असल्यासारखा ओला दिसत होता. किशोरने बोट टेकवीत वाचले —

"शके सोळाशे नव्वद. येथे चुलता व पुतण्या यांच्या फौजांची लढाई झाली. पुतण्याची फत्ते झाली."

"आन् मंग?" कुसाबाईने विचारले. "चुलत्याकडं कोण गेलं, त्याचा हात धराया?"

"ते लिहिलेलं नाही, काकू."

तिने पदराची गाठ मारली. "धनी अंगणात ऊन खात बसलेत. चल."

किशोरने एकदा उत्तराकडे, एकदा धोडपकडे पाहिले, आणि काकूमागून निघाला. उत्तराने ओला कागद दगडावर बसवला. ब्रशाने थोपटताना तिची नजर दूरच्या अंगणात होती. तिला म्हातारा उठून उभा राहिलेला दिसला. किशोर वाकलेला दिसला. मग बराच वेळ काहीच हलले नाही... आणि म्हाताऱ्याचा हात सावकाश किशोरच्या खांद्यावर आला — त्याच किशोरच्या, ज्याला एकेकाळी त्याने आपल्या खांद्यावर बसवले होते.

कागद केव्हाच वाळला होता. तिने तो अलगद सोडवला तेव्हा तिघे रस्त्याकडे येत होते, आणि पुंजाकाकांची उजवी मूठ मिटलेली होती. ते दगडापुढे थांबले.

"कोणती पोरगी?" त्यांनी विचारले.

"हीच, काका."

"मंग वाका पुन्हा. मघाशी माझ्या अक्षता ऱ्हायल्या."

धोडपच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंनी जे पडले, त्यांना शांती लाभो. आणि त्या सामाईक विहिरीचे पाणी दोन्ही घरांना, आणि या दोघांच्या लेकरांनाही, पुरून उरो.