लाल झाकणाखालचे कोंबडे

"अहो बाई, तुमची कोंबडी आरवतेय!"

फोनमधला आवाज एवढा चढला होता, की आत्याने फोन कानापासून हातभर लांब धरला. त्यामुळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या तिघांना सगळं फुकटात ऐकायला मिळालं.

"एक नाही, पंचवीसपैकी चोवीस आरवताहेत! मी अंड्यांसाठी माद्या मागवल्या होत्या, बँडपथक नव्हे!"

आत्याने कशीबशी समजूत घालून फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. पिल्लं उबवून विकण्याचा तिचा व्यवसाय होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एकच जात ती ठेवायची, आणि तिच्याकडची पिल्लं म्हणजे खात्रीची, असा लौकिक होता. होता म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत.

"हा तिसरा फोन," ती म्हणाली. "ठिपकेवाल्या आजींची नजर गेली म्हणायची. उद्या आणखी एक बॅच आहे. पाठवण्याआधी मी स्वतः तपासणार. चूक निघाली, तर परवापासून दुसरा माणूस येणार, त्याला सांगून ठेवलंय. माझाही नाइलाज आहे गं."

"आई!" चिमणी ओरडली. ही आत्याची दहा वर्षांची मुलगी. तिची टकळी दिवसभर सुरू असायची. आजी तिच्या जन्माच्या आधीपासून इथे नर-मादी निवडत होत्या. त्यांच्या मांडीवर बसून ती मोजायला शिकली होती.

सुट्टीला आलेल्या तिच्या मामेभावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरली तेरा वर्षांची. कुठलाही खेळ सुरू झाला, की ती परस्पर स्वतःला कप्तान जाहीर करायची, म्हणून तिचं नाव कप्तान. धाकटा अकरा वर्षांचा. सूर्य उगवला असं सांगितलं, तरी तो "कशावरून?" म्हणायचा, म्हणून तो शंकासुर.

"चला," कप्तान म्हणाली. "आधी आजींना भेटू."

आजी खिडकीशी बसल्या होत्या. समोर कालच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांचा ट्रे होता आणि नुसता चिवचिवाट चालला होता.

"आजी, ही तर सगळी सारखीच काळी!" शंकासुर म्हणाला. "ओळखता कशी?"

"काळी असू देत. डोक्यावर बघ की!" आजींनी एक पिल्लू ओंजळीत घेतलं. त्याच्या डोक्यावर फिकट पिवळा ठिपका होता. "लहान, आटोपशीर, कडा स्वच्छ. ही मादी. आता हा बघ. ठिपका मोठा, कडा विस्कटलेल्या, कसाही पसरलेला. हा नर. शिवाय पाय बघायचे. मादीचे काळपट, नराचे फिके."

"आणि कधी चुकतं का?"

"चुकतं ना! शंभरात पाच-सात फसवतातच. मधलाच ठिपका घेऊन येतात लबाड!" आजी हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. हातातलं पिल्लू त्यांनी पुन्हा उजेडात धरलं, चष्मा पुसला, परत पाहिलं आणि मग खोक्यात ठेवलं. "पूर्वी एका नजरेत व्हायचं रे. आता एकेक तीनतीनदा बघते. ठिपका मला अगदी स्वच्छ दिसतो. पण लोक म्हणतात चुकतंय, मग चुकतच असणार. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नाही, की फार वाईट वाटतं."

चिमणीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. कप्तान उगाचच खिडकीबाहेर बघत राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते.

शंकासुर मात्र अंगणात येऊन नखं खात उभा राहिला. हे लक्षण मोठ्या शंकेचं!

"पंचवीसपैकी चोवीस," तो पुटपुटला. "ताई, नजर गेलेल्या माणसाकडून सरमिसळ होईल. थोडे नर, थोड्या माद्या. अख्खं खोकंच्या खोकं उलटं कसं निघेल?"

कप्तान टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे माद्यांच्या खोक्यातले नर दुसरीकडून आले! मग माद्या कुठे गेल्या?"

"ज्यांनी नर मागवले, त्यांच्याकडे!" चिमणी उसळून म्हणाली. तिने धावत जाऊन आईच्या वहीतून, तक्रार आलेलं खोकं गेलं त्याच दिवशी नर नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर काढला. कप्तानने घसा साफ करून शक्य तितक्या मोठ्या बाईच्या आवाजात विचारलं, "आमचे कोंबडे कसे आहेत हो?"

"उत्तम!" पलीकडचे गृहस्थ खूश होते. "फार गुणी! चार महिने झाले, एकदाही आरवले नाहीत. एवढे शांत कोंबडे मी आयुष्यात पाहिले नाहीत!"

फोन ठेवल्यावर तिघंही पोट धरून हसली. पण खोकी बदलत होती कुठे? आजी निवडायच्या, स्वतः खोक्यात भरायच्या आणि झाकण लावायच्या. लाल झाकण मादीचं, निळं नराचं. खोकी परत वापरता यावीत, म्हणून त्यांच्यावर काही लिहायचं नाही, खूण फक्त झाकणावर, हा नियम खुद्द आत्याने चार महिन्यांपूर्वी केला होता.

"उद्या आपण खोक्यांवर गुपचूप खूण करायची," कप्तानने हुकूम सोडला. "तळाला, म्हणजे कुणाला दिसणार नाही."

"आणि बघायची वेळ आली, की पिल्लांसकट खोकं उलटं करणार?" शंकासुराने विचारलं.

"...मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात," कप्तान म्हणाली. "मी तेच म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा खोकी भरली गेली. प्रत्येक झाकण लागलं, की चिमणी बडबडत आजींच्या पुढ्यात उभी राहायची आणि मागून कप्तान खडूने मादीच्या खोक्यावर गोल, नराच्या खोक्यावर फुली काढायची. खोकी ओट्यावर गेली आणि तिघं खाद्याच्या पोत्यांमागे दडून बसली.

खोकी पोचवणारे गाडीवाले काका आले. मोठा मायाळू माणूस!

"अरे अरे, उकडतंय ना बाळांनो?" असं म्हणत त्यांनी सहाही झाकणं काढली, एकावर एक रचली आणि चहा प्यायला बसले. पेला रिकामा होतो न होतो, तोच त्यांचा फोन वाजला. मग खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून, हसत-बोलत, हाताला येईल ते झाकण समोर येईल त्या खोक्यावर बसवून ते मोकळे झाले!

"अग्गोबाई!" चिमणी कुजबुजली. कप्तानने तिचं तोंड दाबलं.

तेवढ्यात आत्या आजींना घेऊन आली. तिने पहिलं लाल झाकण उचललं. आत सगळे मोठे, विस्कटलेले ठिपके! आत्याचा चेहरा उतरला.

"आजी, बघा तुम्हीच."

आजींनी वाकून पाहिलं. "ही मी मादी म्हणून ठेवली? मी?"

"नाही!" पोत्यांमागून तीन आवाज एकदम आले आणि पाठोपाठ कोंड्याने माखलेली तीन डोकी. "आत्या, झाकणावर जाऊ नकोस! खोक्याचा मागचा कोपरा बघ!"

आत्याने खोकं फिरवलं. फुली! दुसरं लाल झाकण, खाली गोल. निळं झाकण, खाली पुन्हा गोल! तिने ते उघडलं. आत लहान, आटोपशीर ठिपके आणि काळपट पाय. सहाही खोकी तिने धडाधड तपासली. जिथे गोल तिथे माद्या, जिथे फुली तिथे नर. आजींचं एकही खोकं चुकलं नव्हतं!

मग कप्तानने सगळं सांगितलं. शंकासुर मध्येमध्ये "कशावरून तेही सांग" म्हणत होता, आणि शांत कोंबड्यांची गोष्ट चिमणीने कुणालाच सांगू दिली नाही.

"अहो, मी तर पिल्लांना वारा लागावा म्हणून..." काकांनी कान पकडले.

"तुमची एकट्याची चूक नाही," आत्या म्हणाली. "झाकणावर खूण करायचं शहाणपण माझंच. सुटणाऱ्या वस्तूवर खूण केली, आणि दोष दिला आजींना. आजी, मला माफ करा. मी आधी नीट विचारायला हवं होतं." तिने तिघांना जवळ ओढलं. "इतके दिवस मला सुचलं नाही, ते तुम्ही एका दिवसात शोधलंत! शाबास रे पोरांनो!"

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "हॅलो, उद्यापासून यायची गरज नाही. आमच्याकडे माणूस आहे. हो, पक्की नजर आहे."

ते ऐकून आजी मटकन ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. तिघं घाबरून त्यांच्याभोवती जमली.

"रडू द्या रे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस स्वतःलाच आंधळी समजत होते मी. माझे डोळे तुम्ही मला परत दिलेत." मग नाक पुसून त्या खाडकन उठल्या. "आणि आता बघत काय बसलात सगळे? आत एक ट्रे तसाच पडलाय. चला, बसा माझ्याजवळ. आज तुम्हा तिघांनाही निवडायला शिकवते!"