नारळ वाढवला, जीप फुटली!

"पुढची सीट माझी! आधीच सांगून ठेवते!" मेघनाने बसस्टॉपवरच जाहीर केलं.

"बरं बाई, तुझी," म्हणत नूपुर दुसरीकडे बघू लागली.

सुट्टी लागल्यापासून लालबागच्या त्यांच्या चाळीत दुसरा विषयच नव्हता. मेघनाचे बाबा, म्हणजे वसंतकाका, जुनी जीप घेणार! फोर बाय फोर! नूपुरशिवाय जिचं पान हलत नसे, ती मेघना आता येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यात अडवून जीपच्या गप्पा मारत होती. नूपुरचा नुसता जळफळाट चालला होता. तिचे बाबा परळच्या एका गॅरेजात दिवसभर लोकांच्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करत आणि घरात साधी स्कूटरही नाही! हा कुठला न्याय?

"काका, गाडी बघायला आमच्या बाबांना का नाही आणलंत?" नूपुरच्या धाकट्या भावाने, उन्मेषने विचारलं.

"रमाकांतला? छे रे! तो देवाच्या रथातही खोट काढील!" काकांनी हातातली पिशवी हलवली. "त्यापेक्षा हा नारळ आणलाय बघ."

"फोडायला?"

"शुभ बोल रे! नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो!"

वडाळ्याला, रेल्वे यार्डामागच्या एका शेडमध्ये जीप उभी होती. हिरवीगार, गोल दिव्यांची, चकचकीत! काकांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. नूपुरने मात्र नाक मुरडलं. इतकी सुंदर असायची काय गरज होती!

"सिंगल ओनर, साहेब," विकणारा हितेंद्र म्हणाला. "तीस वर्षं नाशिकच्या द्राक्षबागेत. समुद्राचा वारापण लागला नाय. रंगसुद्धा कंपनीचाच!"

मेघना टुणकन पुढे चढून बसली. तिच्या मागे बसायचं नूपुरच्या जिवावर आलं. ती दाराशीच उभी राहून उगाच रबरी मॅटचा कोपरा उचकटू लागली, आणि थबकली. मॅटखाली गुलाल! गुलालात चिकटलेली वाळू! आणि एक इवलीशी शिंपली!

लालबागच्या पोरीला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला हवा होता का? ही गाडी विसर्जनाला गणपती ओढत होती, तीही थेट चौपाटीच्या खाऱ्या पाण्यापर्यंत!

"उन्म्या, चुंबक दे!"

फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक उन्मेषच्या खिशात कायम असे. नूपुरने ते बॉनेटला लावलं. टक्! चिकटलं. दाराखालच्या पायरीला लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं! बाबा नेहमी म्हणत, 'चुंबक धरील तो पत्रा, सोडील ती पुट्टी.' म्हणजे पायरीचा पत्रा गंजाने केव्हाच खाल्ला होता, वर नुसतं पुट्टीचं लिंपण होतं!

नूपुरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"मेघना, ही गाडी नका घेऊ. खालून सडलीय!"

"वाटलंच मला!" मेघना फणकारली. "जळतेस तू! आठ दिवस बघतेय मी!"

जळत तर नूपुर होतीच! काकांना सांगितलं, तर तेही हेच म्हणणार. तिकडे काका नारळ काढून दगड शोधत होते. एकदा नारळ वाढवला की सौदा पक्का! पण पायरीची ही गत, तर खालच्या सांगाड्याची काय असेल? आणि गावाला जाताना घाटात पुढच्या सीटवर मेघनाच बसणार होती.

"काका!" नूपुर ओरडली. "दगड कशाला? इथे पायरीवरच वाढवा ना! चांगली लोखंडी आहे!"

"वा! गाडीत पहिलं पाऊल तिथेच पडणार!" काकांनी नारळ उगारला.

"ओ साहेब! तिथे नको!" हितेंद्र किंचाळला.

"का? जीप आहे की काचेचं कपाट?" नूपुरने विचारलं.

"तसं नाय... रंग अजून ओला आहे ना..."

"अहो, मघाशी तर म्हणालात, रंग कंपनीचा आहे!" हे म्हणाली चक्क मेघना!

काकांनी एकदा हितेंद्रकडे पाहिलं, एकदा पायरीकडे पाहिलं, आणि धाडकन नारळ हाणला.

नारळ शाबूत! पायरीला मात्र हे एवढं भगदाड! आतून पुट्टीचा भुगा आणि गंजाचे पापुद्रे भुरुभुरु सांडले.

"काका," उन्मेष गंभीरपणे म्हणाला, "जीप वाढवली!"

हितेंद्र भुगा पायाने गाडीखाली सारू लागला. काका नारळ पिशवीत टाकून मुलांना घेऊन बाहेर पडले.

संध्याकाळी काकूंनी त्याच नारळाच्या वड्या थापल्या. "नारळ फुकट नाय गेलो, ह्यां बरां झालां!" त्या म्हणाल्या.

"मी जीप बघितली, पण पारखली या पोरीने!" काकांनी सगळ्या चाळीसमोर कबूल केलं. "रमाकांत, यापुढे तू बघितल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही!"

बाबांनी नूपुरच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

"मी खरंच जळत होते गं," नूपुर हळूच मेघनाला म्हणाली.

"माहितीये. मी मुद्दाम जळवत होते." मेघनाने वड्यांची ताटली पुढे केली. "मोठी वडी तू घे."

"आणि नवीन जीप आली की पुढची सीट?"

"ती माझीच!" मेघना ताडकन म्हणाली. मग वडीचा तुकडा मोडत पुटपुटली, "जाताना माझी. येताना तुझी."