चिंधी पांढरी निघेपर्यंत

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगरत राहिलं, आवाज बारीक करत करत शेवटी निपचित झालं. तेवढ्यानं सगळ्या घराची दुपार मोडली. मी हातातला पितळी ब्रश खाली ठेवला आणि कान दिला.

"मी नाही पाडलं," दाराबाहेरून मुंगी कुजबुजली. "त्यालाच पडायचं होतं."

मुंगी माझी मुलगी. वय चार वर्षं, पण सबबी चाळिशीतल्या.

"आत्या जागी झाली का गं त्या आवाजानं?"

"नाही. आत्या हललीसुद्धा नाही."

मला बरं वाटलं. ज्या माणसाचं खांद्याचं हाड मोडलंय त्याला झोप लागते हे चांगलंच, असं मी तेव्हा समजत होते.

आमच्या घराच्या मागच्या खोलीत हत्यारं दुरुस्त होतात. परवाना सासऱ्यांच्या काळापासूनचा, काम त्यांनीच शिकवलेलं. नवरा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा येतो आणि माझ्या हातांना तेलाचा वास येतो म्हणून चिडवतो. खोलीचे नियम तीन. घरात गोळ्या येणार नाहीत. म्हणजे पहारेकऱ्यांच्या कचेऱ्यांनी हत्यार रिकामंच पाठवायचं. दुसरा: बाटली उघडण्याआधी दाराला आतून कडी घालायची, कारण झाकण दिसलं की मुंगीला ते उघडायचंच असतं. आणि तिसरा सासऱ्यांचा खास: गजाला लावून नळीतून ओढलेली चिंधी पांढरी निघाल्याशिवाय हत्यार परत द्यायचं नाही. मग मालक दारात बसून राहिला तरी चालेल. "माणसाला काय विचारता, चिंधीला विचारा," असं ते म्हणायचे.

या वेळी मालक खरोखरच दारात बसून होती. माझी नणंद.

गल्लीत तिला सगळे पैलवान म्हणतात. उंच, रुंद, हसली की शेजारच्या घरात कळतं. एका तिजोरीघराच्या दारावर ती सशस्त्र पहारेकरी आहे. महिन्यापूर्वी एक माणूस लोखंडी पहार घेऊन आत शिरला. तिनं पिस्तूल काढलं, नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. पहार खांद्यावर बसली, माणूस पळाला आणि अजून सापडलेला नाही.

पिस्तूल माझ्याकडे आलं तेव्हा मी ते उघडलं आणि मला रडू आलं. कचेरीतल्या कुणीतरी मोठ्या मायेनं फायरिंग पिनच्या, गोळीवर टोला मारणाऱ्या त्या सुईच्या, वाटेत घट्ट तेल ओतलं होतं. बाकी सगळ्याला तेल चालतं, त्या वाटेला नाही. ती कोरडी ठेवायची असते. तिथल्या तेलात धूळ आणि काजळी बसते, त्याचा डिंक होतो, आणि पिन उडी मारायच्या ऐवजी रांगत येते.

"एका थेंबानं पाडलं, वहिनी," पैलवान म्हणाली. तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. "आखाड्यात मला कुणी पाडलं नव्हतं. आता याला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कामावर जाईन तर हेच घेऊन जाईन."

"दुसरं देतील की कचेरीतून."

"दुसरं नको. याच्याशी माझं बोलणं अर्धवट राहिलंय."

ती उंबऱ्याबाहेर बसून बघायची आणि मी बाटल्या निवडायची. रॉकेल साधं, स्वस्त, पण मागे ओशटपणा ठेवतं. अमोनियाचं सॉल्व्हंट गोळीचं तांबं नळीतून चाटून काढतं, चिंधीवर हिरवा-निळा डाग उमटतो. पण जास्त वेळ ठेवलं तर नळीवरचा मुलामाही खातं, आणि घरात लहान मूल असताना तो वास नको. शिवाय या पिस्तुलाची मूठ प्लास्टिकची, जहाल औषधानं ती पांढरी पडते. म्हणून मी बिनवासाचं, सौम्य सॉल्व्हंट घेतलं. वेळ जास्त लागतो, पण वेळ माझा होता. वंगणाला पातळ तेल, पाण्यासारखं, बिनरंगी. ग्रीस नको, कारण हे कमरेला राहणार, घामात, धुळीत. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, रुळांवर थेंब थेंब, नळीच्या तोंडापाशी एक पुसट हात. बस्स.

"नवरी नटवतेयस का पिस्तूल?" पैलवान म्हणाली.

"नवरीला एवढा वेळ कुणी दिला नव्हता. मला तर दोन पिना लावून उभी केली होती तुझ्या आईनं."

ती हसली आणि हसताना खांदा दुखला म्हणून मला शिव्या दिल्या.

त्या दिवशी चिंधी पांढरी निघाली. खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची म्हणून एक चिंधी ओढली. ती काळी निघाली.

मी घाबरले नाही. असं होतं. नळी घाम सोडते, आमच्यात म्हणतात. खाचांत रुतलेली काजळी सॉल्व्हंटनं सैल होते आणि उशिरा वर येते. परत धुतलं. परत पांढरी. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर परत काळी, आणि या वेळी चिंधीला वास होता. नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा. जुन्या काजळीला तो वास नसतो. तो नुकत्याच उडालेल्या गोळीला असतो, आणि तासाभरात जातो.

घरात गोळी नव्हती. मी तरी सगळे खण उपसले. मुंगीची खेळणी, पैलवानची पिशवी, तिची उशी, सगळं.

मग मी एक प्रयोग केला. सगळे भाग सुटे केले आणि तेलाचा अंशही काढून टाकणाऱ्या स्प्रेनं धुतले. धातू खडूसारखा कोरडा झाला, बोट फिरवलं की किरकिरत होतं. एक थेंबही वंगण न लावता मी ते जोडलं आणि कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला तेल होतं.

माझं नव्हे. माझं पाण्यासारखं, हे मधाच्या रंगाचं. रुळांवर थेंब थेंब, नळीच्या तोंडापाशी पुसट हात. पिनची वाट मात्र स्वच्छ कोरडी. कुठे एक ओघळ नाही, कडेला बोटाचा ठसा नाही. मी उभी राहून बघत राहिले. इतकं नेटकं काम मला जमत नाही. सासऱ्यांनाही जमत नव्हतं.

मी तेल अंगठ्यावर घेतलं. ते कोमट होतं.

"तू माझ्या खोलीत गेली होतीस का?" चहा देताना मी पैलवानला विचारलं. तिला उठवायला त्या दिवशी बराच वेळ लागला होता. गाल थोपटले, पाणी लावलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"या हातानं? वेणी तुझ्याकडून घालून घेते मी. भात कालवून देतेस. पिस्तुलाची स्लाइड काय दातानं ओढू?"

ते खरंच होतं. स्लाइड मागे ओढायला दोन्ही हात लागतात.

"झोपेत काही स्वप्नं पडतात?"

तिनं कप खाली ठेवला. "एकच पडतं. मी दारात उभी आहे. तो येतो. मी चाप ओढते."

"मग?"

"मग तू मला चहासाठी हलवतेस." ती थोडी हसली. "एखादे दिवशी जरा उशिरा उठव ना. लागली का नाही, बघू दे तरी."

डॉक्टर म्हणाले, दुखण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते, येऊ द्या. पण झोप रोज खोल होत होती. कामावर कधी येणार, असं कचेरीचा साहेब फोनवर विचारत होता. हाड जुळलं होतं, झोळी निघायची होती. पैलवान त्याला म्हणायची, "वहिनीची चिंधी पांढरी निघाली की आलेच." ती हे थट्टेत म्हणायची. मी थट्टेत ऐकत नव्हते. ते पिस्तूल पुन्हा नुसतं टक् करेल की नाही, हे सांगायची जबाबदारी माझी होती, आणि त्याच्या नळीत रोज काय होतंय ते मला कळत नव्हतं.

एका दुपारी मी पैलवानच्याच पलंगापाशी बसले. किल्ली मुठीत. मुंगी मांडीवर पेंगत होती. पैलवान उताणी झोपली होती, श्वास लांब, संथ. ती कुशीवरही वळली नाही. फक्त एकदा, झोळीतल्या हाताचं चाप ओढायचं बोट हळूच आत वळलं आणि परत सरळ झालं.

त्याच क्षणी मुंगीनं झोपेतच कानांवर हात ठेवले.

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी मागची खोली उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. पिस्तूल मी त्या दिवशी जोडलंच नव्हतं. स्लाइड एका खणात, स्प्रिंग दुसऱ्यात, नळी वरच्या फळीवर धुतलेल्या फडक्यात. सुटी नळी बार काढू शकत नाही. ती नुसती एक पोकळ कांडी असते.

फडकं सोडलं. नळी गरम होती.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी झोळी निघाली. पैलवाननं हात वर केला, खाली केला, मला उचलून दाखवलं. मुंगी खिदळली. "उद्या कामावर," पैलवान म्हणाली. "दे माझं लेकरू मला."

"चिंधी," मी म्हणाले.

"बरं बाई, चिंधी. मी तोवर शेवटची झोप काढते."

मी ठरवलं, आज मीच आत बसायचं. जे काही येतं ते माझ्यासमोर येऊ दे. माझ्या हाताखालून गेलेलं हत्यार दुसऱ्या कुणाच्या हातचं तेल लावून मी तिला देणार नव्हते. मुंगीला आत्याजवळ निजवलं, मागच्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली. बिनवासाची बाटली उघडली. नळी धुतली, पुसली, पांढऱ्या चिंधीवर समोर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

दुपार चढली. छपराचा पत्रा तापून कडकड वाजत होता. नळी तशीच.

मग दारावर कुणीतरी तळहात टेकवला.

ठोठावलं नाही. नुसतं टेकलं. फळी जराशी आत दबली आणि कडी कोयंड्यात किणकिणली.

"मुंगे, झोप बघू," मी म्हणाले. "आई कामात आहे."



फळी दबलेलीच राहिली. बराच वेळ. मी नळीवरून नजर हलवली नाही. हललेच तर तेवढ्यात काहीतरी होईल, असं मला वाटत होतं.

मग फळी सैल झाली.

मी गजाला चिंधी लावली आणि ओढली. पांढरी. दुसरी ओढली. पांढरी. उजेडाकडे धरली, नाकाला लावली. स्वच्छ कापडाचा वास. नळी थंडगार.

किती दिवसांनी मला हसू आलं. मी माझं तेल लावलं, थेंब थेंब, पिनची वाट कोरडी ठेवली, पिस्तूल जोडलं, कुलूपबंद केलं, हात धुतले आणि मधल्या खोलीत गेले.

"ऊठ गं पैलवान. निघाली पांढरी."

ती उठली नाही.

गाल थोपटले. पाणी लावलं. हात धरून हलवलं तर हात जड आणि सैल, मी सोडला तिथे पडून राहिला. अंग गरम होतं. श्वास चालू होता, लांब, संथ. पापणी वर केली तर डोळा माझ्याकडे बघत नव्हता. रिकाम्या घराच्या खिडकीसारखा उघडा होता.

मुंगी पलंगाच्या कडेला बसली होती. जागी, पाय हलवत.

"मुंगे, मघाशी दारावर तू आली होतीस ना?"

"मी नाही. आत्या."

"आत्या इथं झोपलीय."

"ही नाही," मुंगी समजुतीच्या सुरात म्हणाली, मी तिला समजावते तशी. "दुपारची आत्या. ती रोज उठून तुझ्या खोलीत जाते, मग परत येऊन हिच्यात झोपते. आज तू कडी घातलीस. ती उभी राहिली. तू म्हणालीस, झोप बघू."

"मग?"

"मग ती आली नाही. रस्त्यावर गेली. चपला न घालता."

पुढच्या दाराची कडी आतून लावलेली होती. मी सकाळी लावली तशीच.

मी पैलवानला खांद्यांना धरून उठवून बसवलं. तिची मान माझ्या खांद्यावर कलंडली. तिच्या केसांना मी काल लावलेल्या तेलाचा वास येत होता. मी तिला हाका मारत राहिले, घरातल्या, लहानपणीच्या, सासू मारायची त्या सगळ्या.

मुंगीनं माझा पदर ओढला.

"आई, तिला घर सापडेल ना?"