भिंतीतली पन्हळ

ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल पोलादपूरला यावं. उमरठच्या रस्त्यावरचं ते घर मी स्वतः दाखवते. पण फाटकापर्यंतच. आत पाऊल टाकणार नाही, मेले तरी.

ही गोष्ट माझ्या मानसीताईची. यंदाचा शिमगा नुकताच सरला होता. वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार!

ताईच्या सासरचं घर विहिरीभोवती बांधलेलं. खरंच! माजघराच्या मधोमध विहीर, वर उघडं आभाळ, भोवती सागवानी खांब. मुंबईचे आर्किटेक्ट बघायला यायचे नि तोंडात बोटं घालायचे. सगळ्यांत कौतुक एका दगडी पन्हळीचं. विहिरीजवळून निघून भिंतीतून आरपार बाहेर गेलेली, टोकाला कोरीव गोमुख. आतलं तोंड मात्र चुन्याने बुजवलेलं.

सुहासभावोजींना तिथे होमस्टे काढायचा होता. "व्हिडिओसाठी पन्हळ वाहती करू," म्हणाले आणि छिन्नी घेऊन बसले.

ताई तान्ह्या लेकाला उराशी धरून बाहेर गोमुखापाशी उभी.

वाडीतली शकूमावशी वाटेने चाललेली. छिन्नीचा आवाज ऐकून जागीच थबकली.

"उघडू नको म्हनावं त्याला, गो बाय! ही विहीर आमच्या वाडीची हुती. तुझ्या नवऱ्याच्या पणज्यानं तिच्याभवती घर बांधलं. आमी भायेर, ह्या दगडाखाली ओंजळ धरायची. तो आतनं ओतायचा. मर्जी असंल तं."

"मग बुजवली कशाला?"

"आमची प्रयागबाई तापलेलं पोर घेऊन आली. ऐन उन्हाळा. त्यानं आतनं चुना थापला. पोर हितंच गेलं. तीबी हितनं उठली नाय."

ताई भिंतीकडे वळून नवऱ्याला ओरडली.

"अहो, थांबा!"

आत चुना फुटला होता. भावोजींनी घागर ओतली.

बाहेर... थेंबही नाही.

दुसरी घागर.

कोरडंच.

मग गोमुखातून आवाज आला...

घट. घट. घट.

कुणीतरी पीत होतं. भिंतीच्या आत. अधाशासारखं.

आणि बाईचा आवाज...

"अजून."

ताईच्या कुशीत बाळ किंचाळलं. बघता बघता त्याचे ओठ सुकून फुटले. तिने तिथेच पदराखाली घेतलं. दूध प्यायलं, पण ओठ कोरडेच.

तसंच महाडला नेलं. सलाईन लावलं. बाटली संपली, ओठ तसेच! भावोजींना ते "अजून" आठवलं. वेड्यासारखे घरी धावले आणि पन्हळीत घागर ओतली.

इकडे दवाखान्यात बाळाने डोळे उघडले.

नंतर एकदा पन्हळ सिमेंटने बुजवून पाहिली. लेकरू हातचं जातच होतं. त्यांनीच पुन्हा फोडली.

पणज्याचं पाप या तान्ह्याने का फेडावं? जीव जळतो माझा! पण प्रयागबाईचं पोरही तान्हंच होतं की.

आता भावोजी रोज ओततात. हात सोलवटलेत. पंपाने सोडलेलं चालत नाही, टँकरचं चालत नाही. त्याच विहिरीचं, हाताने ओतलेलंच लागतं.

काल ताईचा फोन आला.

"विहिरीचा तळ दिसायला लागलाय गं..."

पाऊस अजून लांब आहे.

"बाळ कसंय?" मी विचारलं.

ताईने फोन विहिरीकडे धरला. घागर तळाच्या दगडावर घासत होती.