ब्रेनाच्या नावाने आलेला नकार

"हा नकार मी पाठवलेला नाही!" सतरा वर्षांच्या ब्रेनाने छापील कागद खासगी गुप्तहेर विनोना टेटच्या टेबलावर आपटला. "पाठवणाऱ्याची लेखी कबुली आज पाचच्या आत विद्यापीठाकडे गेली नाही, तर माझी शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळेल."

ओहायोतल्या घराजवळच्याच विद्यापीठाने तिला चारही वर्षांची फी माफ केली होती. मंगळवारी सकाळी अकराला कोणीतरी तिच्या नावाने ऑनलाइन नकार कळवला. शिष्यवृत्तीच्या पत्राच्या तळाशी छापलेला क्रमांक त्यात अचूक भरला होता. 'त्याऐवजी कुठे जाणार?' या प्रश्नाला उत्तर होतं, पेन्सिल्वेनियातलं वर्षाला ऐंशी हजार डॉलरचं कॉलेज.

"मूळ पत्र कुठे आहे?"

"आल्या दिवसापासून फ्रिजवर चिकटवलंय."

विनोना आपला मदतनीस मर्लला घेऊन तडक तिच्या घरी गेली.

सावत्र बाप रॉय आधीच तापलेला होता. "अजून चार वर्षं ही पोरगी माझ्या डोक्यावर बसणार! पण मंगळवारी सात ते तीन मी चर्चच्या छपरावर खिळे ठोकत होतो. पाद्र्याला विचारा, शिडी त्यानेच धरली होती."

विनोनाने पाद्र्याला फोन केला. रॉय खरं बोलत होता.

ब्रेनाचा सख्खा बाप ड्वेन बोलावल्यावर आला, पण दारातच उभा राहिला. "पत्र? या घरात मला पाऊल टाकू देतात का? त्या फीमाफीवर मी मोटरबोट पसंत करून आलो होतो! पोरीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या खात्यात उरेल ते माझं, घटस्फोटाच्या वेळी कोर्टाने लिहून दिलंय."

"मेल्या, त्यातला निम्मा पैसा माझा होता!" ब्रेनाची आई शेरिल किंचाळली. "पंधरा वर्षं लोकांची डोकी धुतली मी!"

"मंगळवारी अकरा वाजता कुठे होतात?" विनोनाने तिला विचारलं.

"घरीच. सलून बाराला उघडतं."

मर्ल विनोनाच्या कानाशी लागला. "बापच. बघ कसा निर्लज्ज हसतोय."

"डोकं चालव, मर्ल," विनोना मोठ्यानेच म्हणाली. "फी माफ झाली तर खातं भरलेलं राहतं आणि ते याच्या घशात जातं. हा कशाला नकार देईल? शिवाय क्रमांक फ्रिजवर, आणि हा दाराबाहेर. रॉय छपरावर होता. घरात एकच माणूस उरलं. खात्यात दमडी उरू नये म्हणून त्या माणसाने सगळ्यात महागडं कॉलेज लिहिलं."

शेरिलने मान खाली घातली नाही. "हो, मीच केलं! माझ्या घामावर हा तळ्यात मोटरबोट फिरवणार आणि मी बघत बसणार?"

"आणि मी, आई?" ब्रेनाने विचारलं. "माझा विचार केलास?"

साडेचार वाजले होते. ब्रेनाने विद्यापीठाचा कबुलीचा कोरा नमुना आईपुढे सरकवला. दारात ड्वेन शीळ घालत होता. शेरिलने दात-ओठ खात घडलेलं सगळं लिहिलं आणि शेवटच्या रकान्याशी थांबली.

"'विद्यार्थिनीशी नातं'... इथे काय लिहू?"

"आई लिही," ब्रेना म्हणाली. "त्यांना खरं वाटायचं नाही, पण लिही."